विद्यार्थी कृतीचा रकाना

शिक्षक व्हायचं तर काय करावं लागतं, असं मला हल्ली अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. विचारणारे बहुतेक जण दुसऱ्या नोकरीत असतात, तिथे त्यांचं मन रमत नसतं, आणि घरातल्या किंवा शेजारच्या मुलांना आपण बरं समजावून सांगतो असा त्यांचा अनुभव असतो. कागदावरची वाट सांगायला दोन मिनिटं पुरतात. पदवी, प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, पात्रता परीक्षा, मुलाखत, नमुना पाठ, नोकरी. कुठे पदवी आणि प्रशिक्षण हातात हात घालून चालतात, कुठे आधी विषयाची पदवी घ्यायची आणि मग प्रशिक्षण. मी दुसऱ्या वाटेने गेले. गणिताची पदवी, त्यानंतर काही वर्षं हिशेबाचं काम, आणि मग पुन्हा बाकावर बसून वही उघडणं.

विचारणाऱ्याला मी आधी एक उलट प्रश्न करते : किती वर्षांच्या मुलांना शिकवायचंय? यावर पुष्कळांनी विचारच केलेला नसतो. सात वर्षांच्या मुलांचा शिक्षक आणि पंधरा वर्षांच्या मुलांचा शिक्षक यांचं काम इतकं वेगळं असतं की दोन्हींना एकच नाव कसं काय, असं वाटावं. लहानांच्या वर्गात एकाच माणसाला वाचन, गणित, परिसर, चित्रं, पडलेल्या मुलाचं ढोपर सगळं बघायचं असतं. आणि मूल वाचायला कसं शिकतं हे तिथे मुळातून माहीत असावं लागतं. मोठ्यांच्या वर्गात एकच विषय दिवसभरात चार तुकड्यांना शिकवायचा असतो, आणि चौथ्या तुकडीलाही तो पहिल्यांदाच सांगतोय असा चेहरा ठेवायचा असतो. प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम याच कारणाने वेगळे असतात. लहान मुलांना शिकवणं सोपं, म्हणून तिकडे जाऊ, असं म्हणणाऱ्यांना मी पहिलीच्या वर्गात एक दिवस बसून यायला सांगते.

आता प्रशिक्षणाबद्दल.

शिक्षकी पेशाची एक अडचण अशी की इथे येणारा कुणीच नवखा नसतो. डॉक्टर व्हायला निघालेल्याने शस्त्रक्रिया पाहिलेल्या नसतात, वकील व्हायला निघालेला कोर्टात बसलेला नसतो. शिक्षक व्हायला निघालेला मात्र लहानपणापासून रोज शिक्षकच बघत आलेला असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली याचा हिशेब मांडला होता : शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने शिक्षकांच्या सान्निध्यात साधारण १३,००० तास काढलेले असतात. त्यांचं म्हणणं असं होतं, की ही एक प्रकारची उमेदवारीच, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणंच असतं, फक्त ते बघणाऱ्याच्या जागेवरून केलेलं असतं. शिक्षक वर्गात काय करतो ते दिसतं. तेच का केलं, दुसरं काय करता आलं असतं आणि का टाळलं, ते दिसत नाही. आमच्या तुकडीत पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला पाच मिनिटं काहीही शिकवायला सांगितलं, तेव्हा ही उमेदवारी उघडी पडली. सगळे आपापल्या आवडत्या शिक्षकाच्या आवाजात बोलत होते. एक जण तर बोलताबोलता रिकाम्या खिशातून खडू काढण्याचा अभिनय करत होता. त्याचे गणिताचे सर खिशात खडू ठेवायचे म्हणे.

सुरुवातीचे काही आठवडे तासच तास. शैक्षणिक मानसशास्त्र, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मूल्यमापन. या भागाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते बदललेलंही नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेल्या मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीच्या चार अवस्था आम्ही वयाच्या आकड्यांसकट पाठ केल्या, उत्तरपत्रिकेत उतरवल्या, आणि वर्गात उभं राहिल्यावर त्यांचा आधार कुणालाच घेता आला नाही. मूल एकट्याने काय करू शकतं आणि कुणाच्या थोड्या मदतीने काय करू शकतं, या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकवायचं असतं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांचं म्हणणं मात्र कामी आलं. कारण ते ऐकल्यावर लगेच हातात एक काम येतं : या मुलाला आत्ता एकट्याला काय जमतंय, ते शोधा. बाकी पुष्कळसं व्याख्यांच्या धुरळ्यात गेलं. गंमत अशी की मुलांना व्याख्या पाठ करायला लावू नका, हेही आम्हाला व्याख्येच्याच रूपात लिहून घ्यावं लागलं.

खरं काम सुरू झालं ते सूक्ष्म अध्यापनापासून. ही कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ साली ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. शिकवणं हे अख्खंच्या अख्खं एकदम शिकायला अवघड आहे. तेव्हा त्याचे तुकडे करा आणि एका वेळी एकच कौशल्य घेऊन थोडक्या वेळात, थोडक्या मुलांपुढे सराव करा. आम्ही जे चक्र वापरलं ते ३६ मिनिटांचं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं आणि काय नाही ते, ऐकायचं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, सहा मिनिटं तोच पाठ पुन्हा घ्यायचा, आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. विषयप्रवेश, प्रश्न विचारणं, दृष्टान्त देणं, प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन देणं), फलकलेखन, चेतक बदल (लक्ष टिकावं म्हणून आवाज, हालचाल बदलत राहणं) अशी एकेक कौशल्यं. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी. दोन मुलांचा बाप असलेला, केस पिकू लागलेला माणूस सहावीतल्या मुलासारखा हात वर करून ‘बाई, मी सांगू?’ म्हणतो तेव्हा पहिल्या दिवशी हसू आवरत नाही. चार दिवसांत मात्र ते अंगवळणी पडतं.

या पद्धतीला कृत्रिम म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. ती कृत्रिम आहेच. पण सहा मिनिटांत फक्त प्रश्न विचारण्याकडे लक्ष द्यायचं, बाकी काही बिघडलं तरी चालेल, ही मोकळीक पुढे आयुष्यात कधीच मिळत नाही. प्रश्न कौशल्याच्या वेळी आमच्या मार्गदर्शक बाई घड्याळ घेऊन बसल्या होत्या. प्रश्न विचारल्यापासून, उत्तर न आल्यामुळे आपण पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती वेळ जातो, ते त्या मोजत होत्या. आमच्यातल्या एकाचाही वेळ दोन सेकंदांवर गेला नाही. विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाचताना वाटतं. वर्गासमोर उभं राहून, काहीही न बोलता, चेहरा शांत ठेवून तीन सेकंद काढून बघावेत. घशाशी येऊन अडकलेलं पुढचं वाक्य गिळावं लागतं. मी मनात आकडे मोजायची सवय लावून घेतली. ती अजून आहे, आणि आता घरीही कुणी उत्तर द्यायला वेळ लावला की आपोआप सुरू होते.

सूक्ष्म अध्यापनाची खरी उणीव वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. समोर बसलेल्या ‘मुलांना’ उत्तर येत असतं. ती मुद्दाम चुकली, तरी मोठ्या माणसाला सुचेल तशी चुकतात. ‘बाई, दोन आणि दोन पाच.’ खरं मूल असं चुकत नाही. खऱ्या मुलाच्या चुकीला कारण असतं, आणि ते कारण आपण मोठे झाल्यावर विसरून गेलेलो असतो.

यानंतर टाचणं. पाठ टाचण म्हणजे एका तासाच्या पाठाची लेखी आखणी. वर घटक, उपघटक, वर्ग, वेळ, मग उद्दिष्टं आणि त्यांची स्पष्टीकरणं, शैक्षणिक साहित्य, आणि खाली पानभर आखलेले रकाने : आशय, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. उद्दिष्टांची वर्गवारी बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली, तिच्या आधाराने करायची : ज्ञान, आकलन, उपयोजन आणि पुढच्या पायऱ्या. स्पष्टीकरण असं लिहायचं, की मुलाने ते केलं की नाही हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ‘विद्यार्थ्याला अपूर्णांक समजतात’ हे चालत नाही. ‘विद्यार्थी दोन अपूर्णांकांतील लहानमोठेपणा ठरवतो आणि कारण सांगतो’ हे चालतं. सुरुवातीला हा शब्दांचा खेळ वाटतो. बाईंनी एकदा विचारलं, “समजलंय हे तुम्हाला कळणार कसं? तो काय करील तेव्हा तुम्ही म्हणाल, की हो, याला समजलं?” त्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. तीन सेकंदांहून नक्कीच जास्त.

टाचणांची बदनामी खूप आहे, आणि ती त्यांनी कमावलेली आहे. वरच्या तुकडीच्या फायली खालच्या तुकडीकडे येतात, तयार टाचणं विकतही मिळतात, आणि रात्री जागून सुंदर अक्षरात उतरवलेल्या मजकुराचा सकाळच्या पाठाशी काडीचाही संबंध नसतो. आमच्याकडेही हे होतच होतं. पण बाईंची एक खोड होती. टाचण हातात आलं की त्या शिक्षक कृतीचा रकाना वाचतच नसत. थेट शेजारचा विद्यार्थी कृतीचा रकाना वाचत. आणि तिथे आम्हा सगळ्यांचा एकच मजकूर असायचा : ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी निरीक्षण करतात.’ ‘विद्यार्थी उत्तर देतात.’ त्याच्याखाली लाल शाईत प्रश्न यायचे. कोणतं उत्तर? सगळे तेच देतील? जो वेगळं देईल तो काय म्हणेल? ऐकतात हे कशावरून?

फाईल परत यायची, आणि तो रकाना पुन्हा लिहावा लागायचा. एका प्रश्नाखाली मुलांची संभाव्य तीन-चार उत्तरं, प्रत्येक उत्तरामागे त्यांचा विचार काय असेल, आणि ते उत्तर आलं तर मी पुढे काय विचारणार. हे लिहायला शिक्षक कृतीच्या कितीतरी पट वेळ लागतो, कारण तिथे नक्कल चालत नाही. जपानी शिक्षकांमध्ये ‘जुग्यो केंक्यू’ नावाची परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात, आणि नंतर चर्चा करतात. त्यांच्या आखणीतही मुलं काय काय म्हणतील याचा अंदाज हा मोठा भाग असतो. हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं, आणि बाईंची खोड एकदम वेगळी दिसू लागली.

दुसऱ्या एका कारणानेही तो रकाना महत्त्वाचा. मला गणित येत होतं. पण गणित येणं आणि गणित कुठे अडतं ते माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली हा फरक ठळकपणे मांडला : विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याचं सर्वसाधारण तंत्र वेगळं, आणि या दोहोंच्या मध्ये शिक्षकाचं स्वतःचं असं एक ज्ञान असतं. कोणता दाखला कोणत्या कल्पनेला लागू पडतो, कुठे मुलं हमखास घसरतात, कोणत्या क्रमाने गेलं तर घसरत नाहीत. उदाहरणार्थ, ०.४५ आणि ०.६ यांत मोठं कोण, यावर पुष्कळ मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. काही मुलं नेमकी उलटी जातात. दशांशचिन्हानंतर जितके जास्त अंक तितके तुकडे बारीक, म्हणून लांब संख्या लहान, असा त्यांचा नियम असतो. या दुसऱ्या मुलांना ०.४५ आणि ०.६ दिलं तर त्यांचं उत्तर बरोबर येतं आणि शिक्षक पुढे जातो. त्यांना ०.५२ आणि ०.३ द्यावं लागतं, तेव्हा कुठे आतली गोम दिसते. कोणती उदाहरणं निवडायची हे इतक्या बारकाईने ठरवावं लागतं, हे मला पदवीच्या गणिताने कधीच शिकवलं नव्हतं.

सराव पाठांच्या वेळी आम्ही प्रत्यक्ष शाळेत गेलो. वर्गाच्या मागे मार्गदर्शक, शिवाय दोन-तीन सहाध्यायी निरीक्षणाची वही घेऊन. माझा एक पाठ अपूर्णांकांच्या तुलनेचा होता. फळ्यावर ३/४ आणि ५/६ लिहून मोठा कोणता, असं विचारलं. टाचणात मी चुकीच्या कारणांची दोन उत्तरं धरून ठेवली होती : ‘५ आणि ६ मोठे आकडे म्हणून ५/६’, आणि ‘छेद लहान म्हणून ३/४’. दोन्ही आली. मग खिडकीजवळच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, दोन्ही सारखे आहेत.”

“कसे गं?”

“दोन्हींत एकच कमी आहे. चारांत एक कमी, सहांत एक कमी.”

हे माझ्या रकान्यात नव्हतं. पण अशा वेळी लगेच ‘नाही’ म्हणायचं नाही, एवढं तोवर हाडीमाशी मुरलं होतं. मी वर्गाला विचारलं, “हिचं म्हणणं कळलं का? दोन्हींत एकेक तुकडा कमी आहे. बरोबर आहे का?” सगळे हो म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. “मग हे कमी असलेले तुकडे सारखे आहेत?” आणि थांबले. मागून एक मुलगा म्हणाला, चौथा भाग सहाव्या भागापेक्षा मोठा. ती मुलगी पुन्हा उभी राहिली. “मग चारवाल्यात जास्त कमी आहे. म्हणजे पाच छेद सहा मोठा.” समच्छेद करून १२ छेदावर जाण्यापेक्षा ही वाट जवळची आणि जास्त देखणी होती. मी समच्छेदच शिकवायला गेले होते. आणि ती खाली बसताबसता म्हणाली, “बाई, हे नेहमी चालेल का?”

तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिला आणि मुलांनाच तपासायला दिला. २/५ आणि ३/७ यांत तीन आणि चार तुकडे कमी, तिथे काय होतं बघा, म्हटलं. तास संपला. मूल्यमापन राहिलं, उपसंहार राहिला, गृहपाठ सांगायचा राहिला. निरीक्षण तक्त्यात या प्रत्येक पायरीला गुण असतात, त्यामुळे ते गेले. पाठाच्या या ठरावीक पायऱ्यांचा उगम जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या विचारात आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्या अनुयायांनी त्यावरून केलेल्या पंचपदीत, म्हणजे पाच पायऱ्यांच्या साच्यात आहे, असं आम्ही शिकलो होतो. दीडशे वर्षांनंतरही त्या तक्त्यात भक्कम उभ्या आहेत. बाईंनी तक्त्याप्रमाणे गुण कापले आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘मुलीचं उत्तर टाचणात चढवून ठेवा.’ दोन्ही गोष्टी एकाच सहीखाली.

मागे बसलेली मैत्रीण त्या दिवशी वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या फ्लँडर्स यांच्या पद्धतीने नोंदी करत होती. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय, त्याचा एक आकडा लिहायचा. दहा प्रकार आहेत. पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, आठवा आणि नववा विद्यार्थ्याच्या बोलण्याचे, दहावा शांतता किंवा गोंधळ. पाचवा म्हणजे शिक्षकाचं व्याख्यान, आठवा म्हणजे विचारल्यावर विद्यार्थ्याने दिलेलं उत्तर, नववा म्हणजे विद्यार्थ्याने आपणहून बोलणं. फ्लँडर्स यांनी सांगितलेला दोन तृतीयांशाचा नियम प्रसिद्ध आहे : तासाचा दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असतं, आणि त्या बोलण्यातला दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. आमच्या तुकडीचे तक्ते त्याहून वाईट होते, पानंच्या पानं पाचाने भरलेली. नऊ तर औषधालाही नसे. त्या दिवशीच्या माझ्या तक्त्यात ‘हे नेहमी चालेल का’ एवढ्यापुरता एक नऊ होता. मैत्रिणीने त्याला गोल केला होता.

वर्ग नियंत्रणाबद्दल लोक फार विचारतात. मुलं ऐकतील का, गडबड झाली तर काय करायचं. प्रशिक्षणात याला मिळणारा वेळ फार तुटपुंजा असतो, आणि जो मिळतो तो बक्षीस-शिक्षेच्या सिद्धान्तांत जातो. मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांचं एक जुनं निरीक्षण सगळ्यांत उपयोगी वाटतं. त्यांनी वर्गांच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा ज्यांचे वर्ग शांतपणे चालत होते ते आणि ज्यांचे चालत नव्हते ते, हे दोघेही गडबड झाल्यावर जवळजवळ सारखंच वागत होते. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या वागण्यात. कुठे काय चाललंय याचं भान सतत ठेवणं, एका कृतीतून दुसरीत जाताना फट न ठेवणं, सगळ्यांना काहीतरी काम असणं. म्हणजे फळ्याकडे तोंड करून दीर्घ उदाहरण लिहिणं हीच गडबडीची सुरुवात. फळ्यावर तिरपं उभं राहून लिहायला शिकणं हे त्यामुळे मला अनेक सिद्धान्तांपेक्षा मोलाचं वाटलं. आणि आवाज. दिवसभर बोलायचं तर पोटातून बोलावं लागतं, वर्ग मोठा असेल तर ओरडण्याऐवजी सावकाश बोलावं लागतं. पहिल्या वर्षी घसा बसलेले शिक्षक मी इतके पाहिलेत, की हे अभ्यासक्रमात का नसतं ते मला अजून कळलेलं नाही.

आंतरवासिता म्हणजे शाळेत सलग काही काळ राहून काम करणं. ते सराव पाठांपेक्षा अगदी वेगळं. सराव पाठात आपण पाहुणे असतो. मुलंही पाहुण्यांशी वागतात तशी गोड वागतात. आंतरवासितेत हजेरीपत्रक, गैरहजर शिक्षकाचा तास, परीक्षेचं पर्यवेक्षण, पालकसभा, सहलीचं संमतिपत्र न आणलेली मुलं, सगळं अंगावर येतं. मला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं ते सर व्याख्यान कधीच देत नसत. त्यांच्याकडून मी एकच मोठी गोष्ट उचलली, तीही ते वह्या तपासत असताना शेजारी बसून. ते वह्यांवर आधी गुण घालत नसत. गठ्ठ्यातली एकेक वही उघडून चुकीच्या प्रकाराप्रमाणे टेबलावर ढीग करत. वजाबाकीत हातचा विसरलेले एकीकडे, वरच्या अंकातून खालचा वजा करायचा की उलट याचा घोळ असलेले दुसरीकडे, प्रश्नच न वाचलेले तिसरीकडे. शेवटी म्हणायचे, “उद्या तीन वेगळी कामं आहेत, बघा.” सगळ्यांना तीच दहा उदाहरणं पुन्हा सोडवायला देणारा शिक्षक मी होणार नाही, हे त्या टेबलाशी नक्की झालं.

याच काळात तुकडीतले काही जण गळले. एक अतिशय हुशार मुलगी होती, तिचे पाठ सगळ्यांत नीटनेटके असायचे. आंतरवासिता संपल्यावर तिने सांगितलं की तिला पाठ तयार करायला आवडतो, घ्यायला आवडत नाही. रोज एवढ्या माणसांसमोर असणं तिला पिळून काढतं. ती आता मुलांसाठीचं अभ्यास साहित्य लिहिते, आणि चांगलं लिहिते. दुसरा एक जण उलटा. लेखी परीक्षेत कसाबसा पास, टाचणं नेहमी उशिरा, पण शाळेतल्या मुलांनी त्याला शेवटच्या दिवशी जाऊ दिलं नाही. प्रशिक्षणाची गुणपत्रिका या दोघांबद्दल काहीही सांगत नाही.

नोकरीच्या वाटेवरच्या पात्रता परीक्षांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. त्या पाठांतर आणि वेग तपासतात. तयारी करावी, द्याव्यात, मोकळं व्हावं. नमुना पाठ मात्र मजेशीर प्रकार. विषय ऐन वेळी देतात, पंधरा-वीस मिनिटं मिळतात, आणि समोर कधी खरा वर्ग असतो तर कधी निवड समितीच मुलं होऊन बसते. समितीसमोर असेल तर सूक्ष्म अध्यापनाचा सराव थेट कामी येतो. एका शाळेत मला पाठ संपल्यावर विचारलं, “तुम्ही मुलांना इतका वेळ का देता? पोर्शन कसा पुरा होणार?” तिथे माझी निवड झाली नाही. जिथे झाली तिथे मुख्याध्यापिकांनी वेगळंच विचारलं होतं : आत्ताच्या पाठात कोणाला समजलं नाही असं वाटतं, आणि कशावरून? असा प्रश्न विचारणारी शाळा दिसली की पगाराची चौकशी नंतर केली तरी चालते.

नोकरीच्या पहिल्या वर्षात प्रशिक्षणातलं काय राहून गेलं ते लख्ख दिसतं. सातवीत आलेलं मूल वाचूच शकत नसेल तर गणिताच्या शिक्षकाने काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. रागावलेल्या पालकाशी बोलायला कुणी शिकवलेलं नसतं. आणि मागे बसणारं कुणीच उरत नाही. वर्गाचं दार बंद झालं की आपण आणि मुलं. प्रशिक्षणात निरीक्षकांची इतकी धास्ती असायची, आणि आता मीच सहशिक्षकांना आर्जवं करून माझ्या तासाला बोलावते. एक सर महिन्यातून एकदा येतात. त्यांना मी सांगितलंय, माझ्याकडे बघू नका, उजव्या रांगेतल्या चार मुलांकडे बघा आणि ती काय लिहितात ते मला सांगा.

तेव्हा प्रशिक्षण कुठे घ्यावं, असं विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला कमी आणि चौकशीचे प्रश्न जास्त आहेत. खऱ्या मुलांपुढे पाठ किती घ्यायला मिळतात? ते एकाच वर्गात सलग मिळतात, की दर वेळी नवा वर्ग? निरीक्षक पाठ संपेपर्यंत बसतात, की सही करून उठतात? पाठानंतरची चर्चा किती वेळ चालते, आणि तिच्यात शिक्षकाबद्दल बोलतात की मुलांबद्दल? चालू वर्षाच्या एखाद्या छात्राध्यापकाची टाचणाची फाईल बघायला मिळेल का? मिळाली तर थेट विद्यार्थी कृतीचा रकाना उघडावा. आणि या सगळ्या प्रश्नांवर समोरून फक्त निकालाची टक्केवारी ऐकायला मिळाली, तर दुसरीकडे चौकशी करावी.